मुलांना पुस्तक कसे सुचवावे

“आठ वर्षांच्या मुलीसाठी एखादे चांगले पुस्तक सुचवा,” असे म्हणणारा आपल्याला मुलीचे वय सांगतो, मुलीविषयी मात्र काहीच सांगत नाही. तिला भुताच्या गोष्टींनी झोप येत नाही की त्याच हव्या असतात, ती स्वतः वाचते की अजून कोणी वाचून दाखवावे लागते, मागचे पुस्तक तिने संपवले की पंधराव्या पानावर पालथे घालून ठेवले, यांपैकी काहीही ठाऊक नसताना जे नाव आपल्या तोंडून निघते ते बहुधा आपल्याच लहानपणीच्या आवडत्या पुस्तकाचे असते. ते पुस्तक चांगले असेलही, पण या मुलीला तेच का द्यावे याचे उत्तर आपल्यापाशी नसते. शिक्षक, ग्रंथपाल, पालक किंवा वाढदिवसाला पुस्तकच देणारे काका-मावशी अशा सर्वांपुढे कधी ना कधी हा प्रश्न येतो. म्हणून नेमके काय विचारावे, पुस्तक कसे पारखावे आणि ते मुलापुढे कसे ठेवावे, याचा येथे क्रमाने विचार केला आहे.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांपैकी दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगतो, तर तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे सांगतो. शिफारस करणाऱ्याने हे दोन्ही नियम पाळावेत आणि क्रमही तोच ठेवावा. ‘लहानपणी वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तके’ या धर्तीच्या याद्या कपाट भरायला निघालेल्या माणसाला उपयोगी पडतात, परंतु समोर उभ्या असलेल्या मुलाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण यादी करणाऱ्याने त्या मुलाला कधी पाहिलेलेच नसते.

आधी विचारावे

“तुला कोणत्या प्रकारची पुस्तके आवडतात?” असे विचारल्यावर बहुतेक मुले खांदे उडवतात किंवा “कसलीही” म्हणून मोकळी होतात. साहस, विज्ञानकथा, चरित्र ही वर्गवारी मोठ्यांच्या सोयीची आहे. मूल त्या खणांतून विचार करत नाही. त्याऐवजी एखाद्या ठरावीक अनुभवाविषयी विचारावे. अलीकडे वाचलेली, ऐकलेली किंवा पाहिलेली कोणती गोष्ट संपूच नये असे वाटले, आणि तिच्यातला कोणता भाग अजून आठवतो, असा प्रश्न केला की मूल बोलू लागते. उत्तरात पुस्तकाऐवजी चित्रपट किंवा संगणकावरचा एखादा खेळ आला तरी बिघडत नाही, कारण आपल्याला आवड शोधायची आहे, वाचनाचा हिशेब घ्यायचा नाही.

याहून अधिक माहिती देणारा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, तो म्हणजे कोणते पुस्तक अर्धवट सोडले आणि का. “नुसतं वर्णनच होतं”, “सगळे सारखे रडत होते”, “अक्षर फार बारीक होतं” आणि “शाळेतून वाचायला लावलं होतं” ही चार उत्तरे चार निरनिराळ्या पुस्तकांकडे नेतात. शेवटच्या उत्तरात तर पुस्तकाचा काही दोषच नसतो, आणि तेच पुस्तक वर्षभराने कोणी सक्ती न करता समोर ठेवले तर ते वाचले जाण्याची शक्यता असते.

प्रश्न मुलाला विचारावा आणि उत्तरही मुलाकडूनच यावे. हे सांगायला सोपे असले तरी करायला अवघड आहे, कारण शेजारी उभी असलेली आई किंवा वडील मुलाच्या आधी बोलतात. अशा वेळी पालकांना गप्प करण्यापेक्षा त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न राखून ठेवावा. घरी कोण वाचून दाखवते, झोपण्यापूर्वी किती वेळ मिळतो, कोणते विषय सध्या टाळलेले बरे, हे पालकांनीच सांगण्यासारखे असते. आवडीनिवडी मात्र ज्याच्या त्यानेच सांगाव्यात. हा संवाद कसा पुढे सरकतो, ते पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. मुलगा दहा वर्षांचा आहे.

“मला वाचायला आवडत नाही.”

“बरं. मोकळा वेळ मिळाला की काय करतोस?”

“सायकल खोलतो.”

“खोलतोस म्हणजे?”

“चेन काढतो, ब्रेक काढतो. परत बसवतो. कधीकधी एखादा स्क्रू उरतो.”

“मग काय करतोस त्याचं?”

“डबीत ठेवतो. डबी भरत आलीय.”

येथे घाईने सायकलच्या शर्यतीवरची कादंबरी पुढे करणे हे सर्वांत सोपे आणि बहुतेक वेळा चुकीचे ठरणारे उत्तर आहे. या मुलाला शर्यतीचे आकर्षण असल्याचा कोणताही पुरावा त्याच्या बोलण्यात नाही. वस्तू आतून कशी चालते हे पाहण्याची त्याला ओढ आहे. त्याला यंत्रांचे आडवे-उभे छेद दाखवणाऱ्या चित्रांचे पुस्तक द्यावे, त्यासोबत पाण्याखालचे बोगदे आणि पूल कसे बांधतात ते सांगणारे पुस्तक द्यावे, आणि तिसरे म्हणून एखाद्या फसलेल्या शोधाची हकिकत द्यावी. यावर पालकांकडून “पण गोष्टीचं काहीतरी द्या ना” असा आग्रह होतो. माहितीपर पुस्तक वाचणे हे दुय्यम दर्जाचे वाचन आहे, ही समजूत अनेक मुलांना पुस्तकांपासून तोडते, म्हणून या ठिकाणी पालकांशी थोडा वाद घालावा लागला तरी घालावा असे माझे मत आहे.

नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल असे मांडतात की वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो : कथानक, पात्रे, स्थळ-काळ आणि भाषा. मुलांच्या उत्तरांना ही मांडणी लावून पाहिली की गोंधळ बराच कमी होतो. समजा, बेटावरच्या खजिन्याचे एकच पुस्तक दोन मुलींना आवडले आहे. पहिली म्हणते, “ते गुहेत अडकले तेव्हा पुढे काय होणार म्हणून मी जेवायलाच उठले नाही.” दुसरी म्हणते, “त्यात बेटाचा नकाशा होता, मी तो वहीत काढला.” पहिलीला वेगवान कथानकाचे दुसरे पुस्तक हवे आहे, मग ते बेटावर घडो की शहरात. दुसरीला मात्र दुसऱ्या खजिन्याच्या शोधाशी फारसे देणेघेणे नाही. ध्रुवप्रदेशातल्या मोहिमेची हकिकत, संपूर्ण काल्पनिक जग उभे करणारी कादंबरी, किंवा सरळ एखादा चांगला नकाशासंग्रह तिला अधिक जवळचा वाटेल. ‘हे आवडले असेल तर ते वाचा’ अशा यांत्रिक शिफारशी नेमक्या येथे चुकतात, कारण काय आवडले एवढेच त्या पाहतात, त्यातले काय आवडले हे त्यांना कळत नाही.

वाचता येणे आणि समजणे

मुखपृष्ठावर छापलेला ‘८ ते १० वर्षे’ हा आकडा विक्रेत्याला कपाट लावायला मदत करतो. मुलाची वाचनक्षमता ठरवण्यासाठी तो अपुरा आहे, कारण वाचन ही एकच क्षमता नाही. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडले की वाचलेले समजणे हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे : छापील अक्षरांवरून शब्द ओळखता येणे आणि ती भाषा ऐकून समजणे. गुणाकार असल्यामुळे दोहोंपैकी एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. या मांडणीचा शिफारशीसाठी थेट उपयोग असा की प्रत्येक मुलाच्या दोन पातळ्या असतात, एक स्वतः वाचण्याची आणि दुसरी ऐकून समजण्याची. लहान वयात दुसरी पातळी पहिलीच्या बरीच वर असते. सहा वर्षांच्या मुलाला लांबलचक, गुंतागुंतीची कथा रोज एक प्रकरण याप्रमाणे वाचून दाखवता येते, परंतु त्याने स्वतः वाचायचे पुस्तक मोजक्या शब्दांचेच असावे लागते. म्हणून पुस्तक विचारणाऱ्याला आधी हे विचारावे की वाचणार कोण. शक्य असेल तेव्हा दोन्ही प्रकारचे एकेक पुस्तक द्यावे, म्हणजे शब्द जुळवण्याची मेहनत चालू असतानाही मुलाला चांगल्या कथेची चव मिळत राहते.

देवनागरीत वाचायला शिकणाऱ्या मुलाची एक खास अडचण असते, आणि पुस्तकाच्या मागील मजकुरात तिचा उल्लेख क्वचितच असतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांवर हात बसला तरी जोडाक्षरे आणि रफार यांच्यापाशी मूल बराच काळ अडखळते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मोठ्यांनाही क्षणभर थांबवतो. म्हणून अगदी सुरुवातीच्या वाचकासाठी पुस्तक निवडताना गोष्टीइतकेच पानाकडे लक्ष द्यावे. अक्षर ठळक आहे का, दोन ओळींत पुरेसे अंतर आहे का, ओळ शब्द तोडून खाली आणली आहे का, आणि जोडाक्षरे किती दाटीने आली आहेत, हे दोन पाने चाळून समजते. जोडाक्षरविरहित पुस्तके या टप्प्यावर उपयोगी पडतात, पण तेथे फार रेंगाळू नये. जोडाक्षरे टाळण्याच्या नादात काही पुस्तकांची भाषा इतकी कृत्रिम होते की असे कोणी कधी बोलत नाही.

पुस्तक अवघड आहे का, हे पाहण्याची पाच बोटांची जुनी युक्ती अनेक शिक्षकांना ठाऊक असते. मुलाने मधलेच एखादे पान उघडून मोठ्याने वाचावे आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपावे. एका पानात पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक सध्या एकट्याने वाचण्याजोगे नाही असे समजावे. युक्ती सोपी आहे आणि मुलाला स्वतःच वापरता येते, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र तिला नियमाचे रूप देऊ नये. वाचनाची काठिण्यपातळी मोजणारी बहुतेक सूत्रे वाक्याची लांबी आणि शब्दांची दुर्मिळता यांवर चालतात, आणि या सूत्रांना वाचकाला आधीपासून काय माहीत आहे ते दिसत नाही. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. अमेरिकेतील सातवी-आठवीच्या मुलांना त्यांनी बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. तेव्हा वाचनात कच्ची ठरलेली पण खेळाची चांगली जाण असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. डायनोसॉरची लांबलचक नावे तोंडपाठ असलेले सात वर्षांचे मूल त्या विषयावरचे ‘मोठ्यांचे’ पुस्तक ओढून घेत असेल, तर बोटे मोजत बसण्याचे कारण नाही.

उलट बाजूची अडचण भराभर वाचणाऱ्या मुलांची असते. नऊ वर्षांची मुलगी सोळा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी अक्षरशः वाचू शकते, आणि पालक ते अभिमानाने सांगतातही. पण वाक्ये सोपी असली म्हणजे आशय त्या वयाला झेपेल असे होत नाही. युद्ध, शोषण, तुटलेले संबंध यांविषयीचे गंभीर लेखन अगदी साध्या वाक्यांत झालेले आहे. अशा मुलांना वर ढकलण्याऐवजी आडवे पसरू द्यावे. जाडजूड पण निरागस कादंबऱ्या, लोककथांचे मोठे संग्रह, पत्रे, प्रवासवर्णने, कोडी, कविता, विज्ञान अशी भरपूर सामग्री त्यांच्या वेगाला पुरून उरते.

पुस्तक पारखताना

न वाचलेले पुस्तक सुचवू नये, असा नियम करता आला तर उत्तमच, पण प्रत्यक्षात तो सर्वकाळ पाळता येत नाही. निदान दहा मिनिटे तरी पुस्तकापाशी बसावे. पहिले पान वाचावे, मधले एखादे पान वाचावे, एक संवाद मनातल्या मनात नव्हे तर मोठ्याने वाचावा आणि शेवट पाहावा. संवाद मोठ्याने वाचताच पुष्कळ पुस्तकांचे पितळ उघडे पडते, कारण त्यांतली मुले मुलांसारखी बोलत नसून मुलांना उपदेश करणाऱ्या मोठ्यांसारखी बोलत असतात. अनुवादित पुस्तकात हीच चाचणी अनुवादाची प्रतही दाखवते. आणि पुस्तक पूर्ण वाचलेले नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. “मी याचं पहिलंच प्रकरण वाचलंय, पुढे कसं आहे ते तू मला सांग,” हे वाक्य एखाद्या मुलाला कोणत्याही स्तुतीपेक्षा जास्त खेचते.

चित्रपुस्तकाची परीक्षा वेगळी असते. बहुतेक चित्रपुस्तके ३२ पानांची असतात. मोठा कागद छापून घड्या घातल्या की पाने आठच्या किंवा सोळाच्या पटीत पडतात, हे त्याचे कारण. इतक्या कमी जागेत कथा सांगायची असल्यामुळे चांगल्या चित्रपुस्तकात चित्र आणि मजकूर एकमेकांचे काम वाटून घेतात. मजकुरात “बाहेर कोणी नव्हते” असे असावे आणि चित्रात पडद्यामागून शेपटी डोकावत असावी. मुलाला ती शेपटी आधी दिसते आणि वाचणाऱ्या मोठ्या माणसाला नंतर. मजकुरातलेच चित्रात पुन्हा काढले असेल आणि चित्रातलेच मजकुरात पुन्हा सांगितले असेल, तर ते पुस्तक दुसऱ्यांदा उघडले जात नाही. पान उलटण्याच्या जागी काय ठेवले आहे, तेही पाहावे.

माहितीपर पुस्तकाचे आधी प्रकाशनवर्ष पाहावे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने २००६ साली ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रह झाला, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांत ग्रह नऊ असतात. पिसांचे ठसे स्पष्ट दिसणाऱ्या डायनोसॉरची जीवाश्मे १९९६ पासून चीनमध्ये सापडत गेली, आणि जुन्या चित्रांतले खवलेधारी प्राणी हळूहळू बदलले. जुने पुस्तक टाकूनच द्यावे असे नाही. नव्या पुस्तकाशेजारी ठेवून काय बदलले ते शोधायला दिले तर दहा-बारा वर्षांच्या मुलांना त्यात मोठी गंमत वाटते. त्याखेरीज शेवटी विषयसूची आहे का, मजकुरात ‘असे मानतात’ आणि ‘असे सिद्ध झाले आहे’ यांत फरक केला आहे का, हे पाहावे.

पुस्तकांतली माणसे कोण आहेत, हाही पारखण्याचा भाग आहे. रुडीन सिम्स बिशप या अभ्यासिकेने १९९० साली बालसाहित्यासाठी आरसा आणि खिडकी अशी प्रतिमा वापरली : काही पुस्तकांत मुलाला स्वतःसारखे आयुष्य दिसते, काहींत दुसऱ्याचे. ज्याच्या घरासारखे घर, ज्याच्या बोलीसारखी बोली पुस्तकांत कधी येतच नाही, त्या मुलाला आरसा मिळवून द्यावा. ज्याला सगळीकडे स्वतःचेच प्रतिबिंब दिसते, त्याला खिडकी उघडून द्यावी. येथे एक खबरदारी मात्र आवश्यक आहे. नुकतेच वडील गेलेल्या मुलाला चारचौघांत वडिलांच्या मृत्यूवरचे पुस्तक काढून देणे, किंवा चाकाच्या खुर्चीवरील मुलीला तशाच मुलीची कथा “ही खास तुझ्यासाठी” म्हणून देणे, यात हेतू चांगला असूनही मुलाला आपण फक्त आपल्या दुःखाने किंवा व्यंगाने ओळखले जातो असे वाटते. असे पुस्तक इतर दोन-तीन पुस्तकांच्या सोबत, काहीही न बोलता ठेवावे. ते घ्यायचे की नाही, आणि कधी घ्यायचे, हे मूल ठरवील.

मुलापुढे ठेवण्याची रीत

पुस्तकाविषयी दोनच वाक्ये बोलावीत, आणि ती पुस्तकात काय घडते याविषयी असावीत. “हे पुस्तक पाण्याचे महत्त्व पटवून देते आणि मुलांमध्ये सहकार्याची भावना रुजवते,” हे वाक्य पालकांना पटते आणि मुलाला पळवून लावते. त्याच काल्पनिक पुस्तकाविषयी असे सांगता येईल : “एका रात्रीत गावातली विहीर कोरडी पडते. त्या रात्री विहिरीपाशी कोण आलं होतं, हे फक्त एका मुलीला माहीत आहे, आणि ती कोणाला सांगू शकत नाही.” यात पाणीही आहे आणि सहकार्यही असेल, पण मुलाच्या हाती मूल्य न देता प्रश्न दिलेला आहे. वर्णन थांबवण्याची जागा आधीच ठरवून ठेवावी, कारण उत्साहाच्या भरात शेवट सांगून टाकणारे लोक कमी नाहीत.

एका वेळी तीन पुस्तके ठेवणे मला सर्वांत योग्य वाटते. एक, मुलाने सांगितलेल्या आवडीच्या अगदी जवळचे. दुसरे, त्या आवडीच्या शेजारचे. तिसरे, पूर्णपणे वेगळे, केवळ आपल्या अंदाजावर निवडलेले. एकच पुस्तक दिले तर ते नाकारणे म्हणजे आपल्याला नाकारणे होते आणि भिडस्त मुले ते नको असतानाही घरी नेतात. दहा दिली तर निवडणेच अशक्य होते. तिन्ही ठेवल्यावर आपण तेथून बाजूला व्हावे. मूल पाने उलटते, चित्रे पाहते, शेवटचे पान वाचते, पुस्तकाची जाडी बोटांनी मोजते. हे सगळे कोणी पाहत नसताना नीट होते.

काही सवयी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. “मुलांची पुस्तके तिकडे, मुलींची इकडे” ही विभागणी करू नये. मुलगी नायिका असलेली साहसकथा मुलापुढे ठेवताना स्पष्टीकरण देण्याची गरज नसते, स्पष्टीकरण दिले की मात्र त्याला शंका येते. “आम्ही तुझ्या वयाचे असताना” अशी सुरुवात करू नये. चित्रकथांना नाक मुरडू नये, कारण चौकटींचा क्रम, चेहऱ्यावरचे भाव आणि फुग्यातला मजकूर एकत्र लावून अर्थ काढणे हेही वाचनच आहे. एकाच मालिकेतील पुस्तके ओळीने वाचणाऱ्या मुलाची चेष्टा तर मुळीच करू नये. पात्रे, गाव आणि निवेदनाची धाटणी ओळखीची असल्यामुळे त्याची शक्ती केवळ पुढच्या गोष्टीवर खर्च होते, आणि नवशिक्या वाचकाला वेग येतो तो बहुधा अशाच मालिकांमुळे. मालिका संपण्याच्या बेताला आली की पुढचे पुस्तक तयार ठेवावे, एवढेच आपले काम.

कठीण विषयांबाबत मुलाला आणि पालकांना दोघांनाही खरे सांगावे. “यात कुत्रा मरतो,” हे आधी कळलेले अनेक मुलांना हवे असते. काही त्यामुळे पुस्तक परत ठेवतात, तर काही मन घट्ट करून घेऊन जातात, आणि दोन्ही निर्णय योग्यच असतात. पालकांना हिंसा किंवा मृत्यू कोणत्या स्वरूपात आहे ते नेमके सांगावे. आशयाची पूर्वकल्पना देणे हे आपले कर्तव्य आहे; स्वतःला अवघड वाटणारा विषय मुलालाही झेपणार नाही असे परस्पर ठरवणे हे नाही.

दिलेले पुस्तक परत आले की “काय शिकलास?” असे विचारू नये. “कुठे थांबलास?” किंवा “कोण आवडलं नाही?” असे विचारावे. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यांत पाने गाळण्याचा, पुस्तक पूर्ण न करण्याचा आणि तेच पुस्तक पुन्हा वाचण्याचा हक्क आहे. मोठी माणसे हे हक्क राजरोस बजावतात आणि मुलांना मात्र नाकारतात. पुस्तक अर्धवट सोडल्याची माहिती पुढच्या शिफारशीसाठी मोलाची असते, म्हणून एक साधी वही ठेवावी आणि तिच्यात मूल काय म्हणाले, काय दिले, ते कोठवर वाचले गेले एवढे टिपून ठेवावे. निरनिराळ्या मुलांनी एकच पुस्तक तिसऱ्या प्रकरणात सोडलेले वहीत दिसले, तर मुलांत काही खोट नसून त्या प्रकरणातच काही अडचण आहे असे समजावे. मग ते पुस्तक देताना “तिसरं प्रकरण जरा संथ आहे, नाही आवडलं तर सरळ चौथ्यावर जा,” असे सांगता येते.

किशोरवयीन वाचक

मुलांना आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या पात्रांविषयी वाचायला आवडते, आणि हे किशोरवयात विशेष जाणवते. मुखपृष्ठावर दहा वर्षांचा नायक असलेले पुस्तक चौदा वर्षांचा मुलगा मित्रांदेखत हातात धरणार नाही, मग आत कितीही चांगली कथा असो. वाचनात मागे राहिलेल्या किशोरांच्या बाबतीत ही गोष्ट फार नाजूक होते, कारण त्यांना सोपा मजकूर लागतो पण बालिश विषय सहन होत नाही. त्यांच्यासाठी छोटी प्रकरणे, थेट सुरुवात, मोकळी पाने आणि मोठ्यांसारखे दिसणारे मुखपृष्ठ असलेली पुस्तके शोधावीत. कथासंग्रह, खेळाडूंच्या आत्मकथा, खऱ्या गुन्ह्यांच्या तपासाच्या हकिकती, मुक्तछंदात लिहिलेल्या कथा यांतून असे काहीतरी सापडते. अक्षर ओळखण्यातच अडचण असेल तर श्राव्य पुस्तक ऐकत ऐकत छापील ओळीवरून नजर फिरवू द्यावी. वर सांगितलेल्या गुणाकारातली कमकुवत बाजू त्यामुळे सावरली जाते.

या वयातल्या वाचकाने काय मागितले, काय नेले, हे इतरांना सांगू नये. वहीतल्या नोंदीही इतरांच्या हाती लागणार नाहीत असे पाहावे. मोठ्यांच्या विभागातले पुस्तक त्याने मागितले तर कोणते हवे आहे ते विचारून द्यावे आणि त्या विषयावरचे, त्याला ठाऊक नसलेले आणखी एक पुस्तक जोडीला ठेवावे.

मूल समोर नसताना

भेट म्हणून पुस्तक हवे असलेला माणूस येतो तेव्हा मुलाशी बोलणे शक्य नसते. अशा वेळी त्याला तीन-चार गोष्टी दूरध्वनीवरून विचारून घ्यायला सांगावे : मूल स्वतः वाचते का, सध्या कशाचे वेड आहे, घरात कोणती पुस्तके आधीच आहेत, आणि शेवटचे कोणते पुस्तक त्याने आपणहून उघडले. उत्तरे मिळालीच नाहीत तर जी पुस्तके कोठूनही उघडता येतात ती निवडावीत. विनोदी कथांचा संग्रह, कोड्यांचे पुस्तक, प्राण्यांचा चित्रकोश किंवा हाताने काही करून पाहण्याचे पुस्तक, यांत वयाचा अंदाज थोडा चुकला तरी चालून जाते. दहा खंडांचा संच टाळावा, कारण पहिला खंड आवडला नाही तर उरलेले नऊ मुलाच्या मनावर ओझे होऊन बसतात. आणि पहिल्या पानावर शाईने नाव, शुभेच्छा व तारीख लिहिण्याची घाई करू नये असेही सुचवावे. त्या मजकुराची वेगळी चिठ्ठी आत ठेवली तर न आवडलेले किंवा घरात आधीच असलेले पुस्तक बदलून घेता येते.